नकाशावर जवळ, वेळापत्रकात दूर

सातारा/सांगली (प्रतिनिधी) - एखादे गाव शाळा, दवाखाना, बँक यांपासून किती दूर आहे हे ठरवण्याची सरकारी पद्धत सोपी आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाची एक ओळ असते. सुविधा गावात नसेल, तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहा किलोमीटरवर आहे की त्याहून लांब आहे, यानुसार तीनपैकी एक अक्षर त्या रकान्यात पडते. बससेवेच्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढीच नोंद होते. रात्री मुक्कामाला येऊन पहाटे परत जाणारी एकच एसटी असलेले पाटण तालुक्यातील डोंगरावरचे गाव आणि पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेले, दर थोड्या वेळाने गाडी मिळणारे गाव, या दोघांच्याही पुढे 'आहे' असेच लिहिले जाते. नियोजनाच्या दृष्टीने दोन्ही गावे सारखी ठरतात. प्रत्यक्षात त्या दोन गावांतील अकरावीच्या मुलीचे, मधुमेहाच्या रुग्णाचे आणि दाखल्यासाठी तहसील कार्यालय गाठणाऱ्या शेतमजुराचे आयुष्य मात्र अजिबात सारखे नसते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा फरक जितका ठळक दिसतो, तितका तो पश्चिम महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसत असेल. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ३ हजार ७४१, तर सांगलीची २८ लाख २२ हजार १४३. मध्यभागी कृष्णेचे सुपीक खोरे, साखर कारखाने, महामार्ग आणि रेल्वे. पश्चिमेला जावळी, महाबळेश्वर, पाटण, शिराळा हा सह्याद्रीचा पट्टा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी टापू. जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, मोठी रुग्णालये, महाविद्यालये हे सारे बहुतांशी मधल्या पट्ट्यात एकवटले आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना कशासाठीही खाली उतरून किंवा पश्चिमेकडे येऊन हे खोरेच गाठावे लागते. प्रश्न असा की, ते येतात कशाने आणि परत जातात केव्हा?

अभ्यासकांनी काय मोजले?

वस्त्या आणि सेवाकेंद्रे यांच्या नात्याचा शास्त्रशुद्ध विचार भूगोलात नवा नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील गावांवरून मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. ठरावीक अंतरावर लहान बाजारगाव, त्याहून लांब मोठे गाव, त्यापलीकडे शहर, अशी ही उतरंड. आपल्याकडे तर याच जिल्ह्यात या प्रकारचे महत्त्वाचे काम झाले आहे. इरावती कर्वे आणि जे. एस. रानडिवे यांनी फलटण हे वाढते गाव व त्याच्या भोवतीची खेडी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. आठवडे बाजारांवरील कर्वे आणि हेमलता आचार्य यांचे काम १९७० मधील. आठवडे बाजार हे अंतरावरचे जुने आणि शहाणपणाचे उत्तर होते. रोज एवढ्या लांब जाणे गावाला परवडत नव्हते, म्हणून दुकानच वार ठरवून गावागावांतून फिरत असे.

त्याच १९७० मध्ये स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी एक साधा, पण मूलगामी मुद्दा मांडला. माणूस कुठे पोहोचू शकतो हे केवळ किलोमीटरवर अवलंबून नसते. त्याच्याजवळ दिवसाचे किती तास आहेत, तो कुठल्या वाहनाने जातो, तिथले दार केव्हा उघडते आणि त्याला घरी केव्हा परतावे लागते, या सर्वांवर ते अवलंबून असते. कार्यालय दहाला उघडत असेल आणि परतीची एकमेव गाडी साडेनऊला असेल, तर ते कार्यालय दोन किलोमीटरवर असूनही गाडीवर अवलंबून असलेल्या वृद्धाच्या लेखी अस्तित्वात नाही. सातारा-सांगलीच्या संदर्भात हा विचार लागू करायचा, तर हाती नकाशा घेऊन भागत नाही. एसटीच्या आगारातील वेळापत्रकाचा फलक वाचावा लागतो.

मुक्कामी गाडीचे महत्त्व

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. 'रस्ता तिथे एसटी' हे पुढे महामंडळाचे ब्रीदच झाले. साताऱ्यात अकरा तालुके आणि अकरा आगारे, सांगलीत दहा तालुके आणि दहा आगारे अशी ही रचना आहे. सांगली आणि मिरज ही दोन आगारे एकाच मिरज तालुक्यात येत असल्याने कडेगाव तालुक्याच्या वाट्याला मात्र स्वतंत्र आगार आलेले नाही. या आगारांतून सुटणाऱ्या शेकडो फेऱ्यांत ग्रामीण जीवनाला खरा आकार दिला तो मुक्कामी गाडीने. संध्याकाळी तालुक्याहून सुटायचे, वाटेतील विद्यार्थी, बाजारकरी, चाकरमाने उतरवत शेवटच्या गावी पोहोचायचे, चालक-वाहकांनी देवळात, शाळेच्या ओसरीवर किंवा गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी भरून परत न्यायची. या एका फेरीमुळे सकाळचे महाविद्यालय, सरकारी रुग्णालयाचा सकाळचा बाह्यरुग्ण विभाग आणि बाजार समितीतील सौदा या तिन्ही गोष्टी डोंगरावरच्या वाडीला एकदम खुल्या होतात. ती गाडी बंद झाली आणि तिच्या जागी दुपारी अकराची फेरी सुरू झाली, तर कागदावर फेऱ्यांची संख्या तेवढीच राहते. पण या तिन्ही वाटा एकदमच बंद होतात.

मुक्कामी फेरी ही महामंडळाला सर्वांत गैरसोयीची फेरी असते, हेही मान्य केले पाहिजे. गाडी आणि दोन कर्मचारी रात्रभर अडकून पडतात, राहण्याची सोय धड नसते, स्वच्छतागृह नसते, आणि पहाटेची गर्दी सोडली तर भारमान बेताचेच. तोट्यातील फेऱ्या कमी करण्याचा आदेश येतो, तेव्हा कात्री प्रथम कुठे लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळलेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप हा याबाबतीतला मोठा धडा होता. करोनाने दीड वर्ष विस्कळीत केलेली ग्रामीण सेवा सावरण्याआधीच ती पुन्हा महिनोन् महिने ठप्प झाली. या काळात ज्यांना शक्य झाले त्यांनी दुचाकी घेतली. ज्यांना ते शक्य नव्हते, ते थांबले.

इथेच या प्रश्नाची खरी गुंतागुंत आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने आणि पुढे मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोहोचवले. रस्ता झाला म्हणजे एसटी येईल, असे गावाला वाटत होते. प्रत्यक्षात त्या रस्त्यावरून आली दुचाकी. दुचाकी आली ती घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती. तो एसटीतून उतरला तसे गाडीचे भारमान घसरले, भारमान घसरले म्हणून फेरी कमी झाली, आणि फेरी कमी झाली म्हणून आणखी काहींनी दुचाकी घेतली. या चक्राच्या शेवटी थांब्यावर उरतात त्या मुली, घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या बायका, म्हातारी माणसे आणि आजारी. रस्ता सुधारल्याने गावाची सरासरी सोय वाढली हे खरे. पण त्याच रस्त्याने गावातल्या काही जणांची सोय घटवली, हे कोणत्याही आढाव्यात लिहिले जात नाही.

सवलत आहे, गाडी कुठे आहे?

राज्य शासनाने गेल्या काही वर्षांत प्रवासभाड्यावर मोठा खर्च केला आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हाही या सवलतींना धक्का लागला नाही. या योजनांनी एसटीकडे प्रवासी परतले, हे कुठल्याही बसस्थानकावर उभे राहिले तरी दिसते.

परंतु सवलत ही तिकिटावर असते, फेरीवर नसते. ज्या मार्गावर दिवसाला वीस गाड्या आहेत तिथल्या महिलेला सवलतीचा लाभ वीस वेळा घेता येतो. जिथे एकच गाडी आहे तिथे एकदाच, आणि जिथे गाडीच नाही तिथे सवलत शून्य. शासन सवलतीपोटी महामंडळाला प्रतिपूर्ती देते ती प्रवाशांच्या संख्येवर. म्हणजे हा पैसा जिथे प्रवासी आधीच जास्त आहेत त्या कराड, सांगली, सातारा या पट्ट्याकडे आपोआप वाहतो. माणदेशाच्या किंवा कोयनेच्या बाजूला तो तुलनेने झिरपतच नाही. महिलांसाठीची सर्वांत मोठी प्रवास योजना ज्या महिलांना प्रवास सर्वांत अवघड आहे त्यांच्यापर्यंत सर्वांत कमी पोहोचते, असा हा विरोधाभास आहे. दुर्गम फेरीला किलोमीटरमागे स्वतंत्र अनुदान देणे हा त्यावरचा उघड उपाय. मात्र त्याची जाहिरात करता येत नाही, ही त्याची अडचण असावी.

शाळेचा मुद्दा याहून गंभीर आहे. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. आठवीनंतर कायद्याचे हे संरक्षण संपते, आणि नेमकी तिथूनच मुलीच्या गळतीची भीती सुरू होते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्याची उदाहरणे म्हणून पुढे करण्यात आली. एका खोलीत चार वर्ग बसवण्यापेक्षा चांगली इमारत, पुरेसे शिक्षक, ग्रंथालय असलेली एक शाळा बरी, या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण ही योजना मुळात शिक्षणाची कमी आणि वाहतुकीची जास्त आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत कमी पटाच्या शाळा असण्याचे कारणच तिथल्या वस्त्या दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या आहेत हे होय. पावसाळ्यात दरड कोसळली, ओढ्याला पाणी आले की रस्ता बंद. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या तेव्हा मदत पथकांनाही तिथे पोहोचणे कठीण झाले होते. त्या खोऱ्यातील सात वर्षांच्या मुलाला शाळेची गाडी जून ते सप्टेंबर नियमित नेईल, हे गृहीत कशाच्या आधारे धरायचे?

कोयनेच्या पाण्यापलीकडे

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने साठ वर्षांपूर्वी जुने रस्ते पोटात घेतले. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील गावांना तेव्हापासून लाँच आणि तराफ्याचाच आधार. जानेवारी २०२२ मध्ये जावळी तालुक्यातील खिरखंडी येथील मुलींची हकिगत वृत्तपत्रांत आली. या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडत आणि पुढे जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत अंधारी येथील शाळा गाठत. मुंबई उच्च न्यायालयाने या वृत्ताची स्वतःहून दखल घेतली आणि मुलींना सुरक्षित वाट मिळाल्याखेरीज 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' हे उद्दिष्ट साध्य होणार नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले. याच जलाशयाच्या काठी, महाबळेश्वर तालुक्यातील दरे हे २०२२ ते २०२४ या काळात मुख्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांचे गाव. ते गावी येत तेव्हा हेलिकॉप्टर उतरे. त्यांच्या कार्यकाळात या भागातील पुलांच्या कामांना गती मिळाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पूल झाल्यावर त्यावरून सकाळी साडेसहाला कोणती गाडी जाणार, याचे नियोजन मात्र पुलाच्या अंदाजपत्रकात कधीच नसते.

इथे कर्मवीर भाऊराव पाटील यांची आठवण अपरिहार्य आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यानंतर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. एसटी जन्मायला तेव्हा चोवीस वर्षे होती. रोजचे जाणे-येणे अशक्य आहे हे ओळखून त्यांनी अंतराचा प्रश्नच निकालात काढला; मुलाला शाळेजवळ आणून ठेवले आणि श्रमातून त्याचा खर्च भागवला. समूह शाळेचा आग्रह धरणाऱ्यांनी गाडीऐवजी वसतिगृहाचा हिशेब आधी मांडावा. अर्थात वसतिगृह दहावीच्या मुलासाठी उत्तर असू शकते, दुसरीतल्या लेकरासाठी नव्हे.

जत ते मिरज

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे दुखणे वेगळे आहे. जत हा विस्ताराने प्रचंड तालुका. जिल्ह्याच्या ठिकाणापासून जत गावच ऐंशी किलोमीटरहून लांब, आणि उमदी, संखसारखी सीमेवरील गावे त्याच्याही पुढे. संखला अपर तहसीलदार कार्यालय देण्यात आले ते याच कारणाने. मात्र रुग्णालयाचे अपर कार्यालय काढता येत नाही. मिरजेला वैद्यकीय परंपरा मोठी, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालयाची पायाभरणी केली आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कर्नाटकातूनही रुग्ण मिरजेला येत राहिले. आणीबाणीच्या प्रसंगी २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावून येते. पण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा यावे लागणाऱ्या, केमोथेरपीच्या फेऱ्या घेणाऱ्या रुग्णाला रुग्णवाहिका नेत नाही. त्याने पहाटेची गाडी पकडून यायचे, उपचारानंतर गळून गेलेल्या अवस्थेत स्थानकावर बसायचे आणि शेवटच्या गाडीने तालुक्याला पोहोचल्यावर पुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरसाठी कुणाच्या तरी दुचाकीची वाट पाहायची. उपचार मोफत असले तरी प्रवास, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि मुक्काम हे मोफत नसतात.

ही पोकळी भरून काढते ते वडाप. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जीप, ट्रॅक्स, रिक्षा, जे मिळेल त्यात आसनक्षमतेच्या दुप्पट माणसे भरून हे वाहन निघते. परिवहन खाते अधूनमधून कारवाई करते, एसटी संघटना वडापविरोधात निवेदने देतात, अपघात झाला की चार दिवस वडाप बंद राहते आणि पाचव्या दिवशी पूर्ववत सुरू होते. एसटीचे नुकसान होते हा आक्षेप खरा आहे, कारण वडाप धावते ते जिथे माणसे आहेत तिथेच, म्हणजे मुख्य रस्त्यावर आणि गर्दीच्या वेळी. संध्याकाळी सातनंतर तीन प्रवाशांसाठी ते आडवाटेच्या वाडीवर जात नाही. मलई ते घेते, ताक एसटीच्या वाट्याला येते. तरीही केवळ दंडाची पावती फाडून हा प्रश्न सुटलेला नाही. जिथे महामंडळाने फेरी बंद केली आहे, तिथे ठरावीक मार्ग, ठरावीक वेळ आणि विमा यांच्या अटीवर लहान वाहनाला परवाना देण्याचा प्रयोग एखाद्या तालुक्यात करून पाहायला हरकत नसावी.

रेल्वेबाबत थोडक्यात. १६ सप्टेंबर २०२४ पासून पुण्याहून कोल्हापूर आणि हुबळीसाठी वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. त्या सातारा, सांगली, मिरजेला थांबतात. त्यांचे स्वागतच आहे. मात्र सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीला, आणि जत रोड स्थानकाच्या नावात जत असले तरी गाव तिथून बरेच लांब. स्थानकाच्या नावात 'रोड' असेल तर पुढे चालायची तयारी ठेवावी, हे जुने प्रवासी जाणतात. रोजच्या नोकरदाराला, विद्यार्थ्याला उपयोगाची असते ती सर्व थांबे घेणारी पॅसेंजर. करोनानंतर तिला एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले आणि ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ववत होईपर्यंत या प्रवाशांनी भुर्दंड सोसला. फलटणला २०१९ मध्ये लोणंदहून आणि मार्च २०२१ मध्ये थेट पुण्याहून गाडी सुरू झाली, तेव्हाही गाडीची वेळ कुणाच्या सोयीची, हाच पहिला प्रश्न प्रवाशांना पडला.

हे सर्व मोजणे अवघड नाही. प्रत्येक गावातून पहिली गाडी केव्हा निघते, ती तालुक्याला केव्हा पोहोचते आणि शेवटची परत केव्हा येते, ही माहिती प्रत्येक आगारात आहे. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये यांच्या वेळा जिल्हा परिषदेकडे आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर कोणत्या गावातील मुलगी कोणत्या महाविद्यालयात जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकते याची यादी महिनाभरात तयार होईल. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागाला किंवा दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना हे काम देता येईल. त्यासाठी उपग्रहाची गरज नाही. शाळा एकत्र करण्याचा वा फेरी बंद करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी ही यादी ग्रामसभेसमोर ठेवणे बंधनकारक करावे, एवढीच अपेक्षा आहे.

जनगणनेकडून फारशी आशा धरता येत नाही. २०११ मध्ये कामाच्या जागेचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले ते शेती, शेतमजुरी आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांनाच. त्या प्रश्नात किलोमीटर होते, वाहन होते. किती वेळ लागतो, हे नव्हते. २०२१ ची जनगणना लांबली आणि आता तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे नियोजन तोपर्यंत सोळा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरच चालणार. त्या आकड्यांत संप नाही, करोना नाही, बंद झालेल्या मुक्कामी गाड्या नाहीत. तोवर नव्या शैक्षणिक वर्षाचे पास दरवर्षीप्रमाणे जूनमध्ये वाटले जातील, आणि कुठल्या फेऱ्या उरल्या आहेत हे मुलांना थांब्यावर उभे राहिल्यावर कळेल.